वाकळीच्या चॅनेलसाठी 'प्रेक्षक' घेतले आणि १९,८९९ रुपये गेले

आधी २,९९९, मग ५,९००, मग ११,०००. मिळून १९,८९९ रुपये, आठ दिवसांत, माझ्याच हातानं फोनवरून पाठवलेले. लिहायची लाज वाटते. पण माझ्यासारख्या घरी काहीतरी करून विकणाऱ्या बाया मराठवाड्यात गावोगाव आहेत आणि यूट्यूबचे सबस्क्राइबर विकणारे हे लोक नेमकं त्यांनाच हुडकायलेत.

मी गोधड्या शिवते, आमच्याकडं वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्यांचे थर, सगळे हातटाके, एकीला वीस दिवस लागतात. त्याचे व्हिडिओ दीड वर्षापासून यूट्यूबवर टाकते. ६१२ सबस्क्राइबर होते. लातूर-परभणीच्या बाया विचारायच्या, धागा कोणता, कोपरा कसा दुमडायचा. त्यातूनच ऑर्डरी यायच्या. पण जाहिरातींची कमाई सुरू व्हायला १,००० सबस्क्राइबर आणि वर्षभरात ४,००० तास वॉच टाइम, म्हणजे लोकांनी व्हिडिओ बघितलेला वेळ, लागतो. माझे तास ३०० वर अडकलेले.

सबस्क्राइबर विकणाऱ्या ज्या माणसाचा मला मेसेज आला, त्याला हे बरोबर माहीत होतं. 'ताई, तुमची कला जगापर्यंत गेली पाहिजे. १५ दिवसांत मॉनेटायझेशन, म्हणजे कमाई सुरू, गॅरंटी.' २,९९९ दिले आणि चार दिवसांत १,१४० सबस्क्राइबर झाले. आकडा डोळ्यांसमोर वाढत होता, कुणीही विश्वास ठेवला असता. मग ५,००० चं वॉच टाइम पॅकेज, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९००. बिल मागितलं तर नंतर देतो म्हणाला. जीएसटी मागणारा माणूस जीएसटी नंबर असलेलं बिल देत नसेल तर एक रुपया देऊ नका.

त्याच रात्री मी कोणत्या देशातून किती जण बघतात ते उघडलं. ब्राझील, इंडोनेशिया. सरासरी बघण्याचा वेळ नऊ सेकंद. नवी कॉमेंट एकही नाही. पोरगी शेजारी होती. म्हणाली, "मम्मी, ह्या लोकांना तुझं बोलणं कसं कळायलंय?" मी तिच्यावर खेकसले आणि फोन पालथा ठेवला. ते वाक्य मला अजून झोपू देत नाही. दुसऱ्या दिवशी ११,००० 'परत मिळणारं डिपॉझिट' पाठवलं. यूट्यूबच्या कमाईसाठी अर्ज करायला डिपॉझिट नसतं, फी नसते.

सोयाबीनच्या पट्टीतून देणी भागवल्यावर हातात काही उरलं नव्हतं. महिन्याला काहीतरी येईल एवढंच डोक्यात होतं. याला हाव म्हणायचं असेल तर म्हणा, पण वीस दिवसांच्या वाकळीला हजार रुपये देताना घासाघीस करणाऱ्यांनी तरी म्हणू नये.

पैसे गेले आणि त्याचा नंबर बंद. यूट्यूबनं खोटे सबस्क्राइबर काढून टाकले. विकत घेतलेले सबस्क्राइबर नियमाविरुद्ध असतात. दुसऱ्यानं आणून दिले तरी जबाबदारी आपलीच, चॅनेलही जाऊ शकतं.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन नंबरला मी तिसऱ्या दिवशी फोन केला. तुम्ही तासाभरात करा, पैसे पुढं सरकायच्या आत अडवता येतात. बँकेत साहेब म्हणाले, "पिन तुम्हीच टाकला ना?" पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या खेपेला म्हणे खातं दुसऱ्या राज्यातलं, तिकडं तक्रार करा. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येते, १ जुलै २०२४ पासून ती तरतूद कायद्यातच आहे. मी तसं सांगितलं तर हवालदार म्हणाला, "बाई, तुम्ही आम्हाला कायदा शिकवता का?" तिसऱ्या खेपेला दुसरा हसत म्हणाला, "वाकळीचे व्हिडिओ बघतं तरी कोण?" तीन खेपा, तीन दिवसांची शिलाई बुडाली, आणि हातात फक्त ऑनलाइन तक्रारीचा नंबर.

मागच्या आठवड्यात उदगीरच्या भाचीला तोच मेसेज आला. ती मेंदीचे व्हिडिओ टाकते. तेच शब्द, तेच २,९९९. नंबर तेवढा नवा. स्क्रीनशॉट घेऊन मी चौथ्यांदा ठाण्यात गेले. हवालदारानं विचारलं, "तिचे पैसे गेलेत का?" नाही म्हणलं. "मग तक्रार कशाची?"