डायनामो रिपेअर किट: पाकिटात काय असतं आणि काय नसतं

गॅरेजच्या बोलीत अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला, आजही डायनामोच म्हणतात, म्हणून पाकिटावरही तेच छापलेलं असतं. 12 व्होल्टच्या गाड्यांसाठी ऑनलाइन आणि स्पेअर पार्टच्या काउंटरवर मिळणाऱ्या बिनब्रँडच्या किटमध्ये साधारणपणे दोन बेअरिंगं, कार्बनची (ब्रशची) जोडी, चार स्क्रू आणि ग्रीसची एक चिमुकली पुडी असते. पुडी पाहूनच शंका यावी. ही बेअरिंगं दोन्ही बाजूंनी बंद असतात, त्यात वरून ग्रीस भरायचं नसतं. पाचपैकी दोन तारे, तेही कार्बनसाठी.

इंजिनकडून घरघर येते म्हणून किटवर पैसे घालण्याआधी तो आवाज डायनामोचाच आहे का ते बघा. थंड इंजिनचा पट्टा उतरवून इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवा. त्याच पट्ट्यावर वॉटर पंप असेल तर त्याहून जास्त नको. आवाज गेला तर गडबड पट्ट्याच्या रांगेत आहे: डायनामो, टेन्शनर (पट्टा ताणणारी पुली), आयडलर (पट्टा वळवणारी पुली), पंप किंवा एसीचा कॉम्प्रेसर. इंजिन बंद करून प्रत्येक पुली हाताने फिरवा. खरखर बोटांना लागते, आणि पुली वर-खाली हलवली की ढिलाईही कळते. आवाज नुसता पट्ट्याचा असेल तर तो परत चढवून, इंजिन चालू असताना लांबून त्याच्या खाचांवर थोडं पाणी मारा. चिवचिव क्षणभर थांबली तर पुल्या एका रेषेत नाहीत. किंचाळणं वाढलं तर ताण कमी आहे. दोन्हींत किटचा काडीचा उपयोग नाही.

डायोड, म्हणजे डायनामोच्या विजेचं एसीतून डीसी करणारा भाग, गेला असेल तरीही नाही. बेअरिंगची घरघर इंजिनच्या वेगाबरोबर चढते. डायोडची बारीक गुणगुण मात्र हेडलाइट आणि ब्लोअर चालू केला की वाढते. इंजिन 1500 आरपीएमच्या आसपास धरून, दिवे लावून, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर मोजा. 0.1 व्होल्टच्या आत असेल तर ठीक, 0.5 च्या वर गेलं तर डायोड प्लेट बघावी लागेल. स्वस्त मीटर इथे फसवतात. 25-30 व्होल्ट असा भलताच आकडा आला तर पिना उलट करा. शून्य दिसलं तर मीटरला डीसी गाळता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता मुख्य माल, म्हणजे बेअरिंगं. पुढच्या, म्हणजे पुलीच्या, बाजूला बऱ्याच डायनामोंत 6303 नंबरचं असतं: आतला व्यास 17, बाहेरचा 47, रुंदी 14 मिलिमीटर. काहींत 6203 असतं, आतून तेवढंच, पण बाहेरून 40. मागे 6003, 6202 किंवा 6201. यातली पहिली दोन बाहेरून 35 चीच, म्हणून घाईत अदलाबदल होते. आतून मात्र एक 17 चं, दुसरं 15 चं. जपानी बनावटीत मागचं माप नेहमीच्या यादीत नसतंही. तेव्हा जुनं बेअरिंग काढून त्यावरचा पूर्ण नंबर वाचल्याशिवाय काहीच मागवू नये.

किट नापास होतं ते नंबरात नाही, नंबरामागे लागणाऱ्या अक्षरांच्या शेपटीत. इंजिन 3000 आरपीएमवर असताना लहान पुलीमुळे डायनामोचा शाफ्ट 8-9 हजारांवर फिरतो, शेजारी तापलेलं इंजिन असतं. म्हणून आत जास्त फट असलेलं, म्हणजे सी-थ्री, बेअरिंग लागतं. रबरी सील टेकणारं हवं: एसकेएफच्या भाषेत टू-आरएस, एनएसकेच्या डीडीयू, एनटीएनच्या एलएलयू. पत्र्याच्या झाकणाचं झेडझेड धूळ आणि पावसाळी चिखल अडवत नाही. शिवाय ग्रीस उष्णता सोसणारं, बहुधा पॉलियुरियाचं लागतं. पाण्याच्या मोटरसाठी काउंटरवर मिळणारं 6303 मापाने चपखल बसतं, पण त्यातलं साधं लिथियम ग्रीस या उष्णतेत लवकर सुकतं आणि घरघर परत येते. पाहिलेल्या किटांत सी-थ्रीचा उल्लेखही नाही.

त्यापेक्षा ‘अल्टरनेटरसाठी’ म्हणून मागून घेतलेली नामांकित कंपनीची सुटी जोडी किती तरी सरस. नकली माल भरपूर असल्याने एसकेएफ घेताना त्यांच्या ऑथेंटिकेट अॅपवर फोटो पाठवून खात्री करता येते.

बसवताना आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, कारण डायनामोची जाड तार चावी बंद असतानाही जिवंत असते. केसिंग उघडण्याआधी कट-आउट (व्होल्टेज रेग्युलेटर) आणि कार्बनचा होल्डर बाहेर घ्या, नाहीतर कार्बन मोडतात. दोन्ही अर्ध्यांवर आडवी खूण करून ठेवा. बेअरिंग शाफ्टवर बसवताना जोर आतल्या कड्यावर, घरात बसवताना बाहेरच्या कड्यावर. उलट केलंत तर गोळ्यांचे ठसे कड्यांवर उमटतात आणि कोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं. हातोडी नको, प्रेस किंवा योग्य मापाचा पाइप घ्या. स्लिप रिंग, म्हणजे कार्बन जिच्यावर घासतात ती शाफ्टवरची कडी, बेअरिंगच्या भोकापेक्षा मोठी असेल तर तिच्या तारांचा डाख सोडवून ती काढावी लागते. हे काम वाइंडिंगवाल्याकडेच द्यावं.

मागच्या घरातली प्लॅस्टिकची बाही झिजली असेल तर बेअरिंगचं बाहेरचं कडंही फिरू लागतं. किटमध्ये बाही सहसा नसते, आणि ती न बदलता केलेलं काम फुकट जातं. कार्बन होल्डरबाहेर 5 मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील तर बदला. किटमधले इथे चालून जातात.

डिझेल गाड्यांत वन-वे पुलीही तपासा. आतला शाफ्ट धरून पुली एका दिशेला मोकळी फिरली पाहिजे, दुसऱ्या दिशेला अडकली पाहिजे. दोन्हीकडे मोकळी किंवा दोन्हीकडे जाम असेल तर इंजिन बंद करताना येणारी खडखड तिचीच. ती काढायला 33 दात्यांचा खास पाना लागतो.

स्लिप रिंगवर खोल चर पडले असतील, किंवा रोटरचा, म्हणजे आत फिरणाऱ्या वाइंडिंगचा, रेझिस्टन्स साधारण 2 ते 4 ओहमच्या पलीकडे गेला असेल, तरच रिकंडिशन डायनामोचा विचार करावा. जुना बदलीत देण्याआधी पाठीवरचा पार्ट नंबर आणि अँपिअरचा आकडा लिहून घ्या. कमी अँपिअरचा माल गळ्यात मारण्याची खोड या धंद्यात जुनी आहे.