सॅल्मनचा प्लग वेदगंगेत: आठ महिन्यांनी तीन स्टार, त्यातला एक माझ्या पक्कडीला

गेल्या रविवारी जीभ तुटली. प्लगची, म्हणजे गळ लावलेल्या नकली माशाची. वेदगंगेचं पाणी आता चांगलंच उतरलंय, बंधाऱ्याखाली कुठल्या तरी पुरात वाहून आलेलं बाभळीचं खोड रुतून बसलंय, हे मला पक्कं माहीत होतं. तरी लोभ नडला आणि मी खालपर्यंत सोडला. हाताला टक् असं लागलं. ओढून बघतो तर धड आलं आणि जीभ तिकडंच राहिली. पुढची ती पारदर्शक चकती गेली की ६३० रुपयांचा हा ऐवज म्हणजे पोरांनी आंघोळीच्या बादलीत सोडायचं खेळणं. तेव्हा म्हटलं, आता बसून नीट लिहू.

याआधी मी याला एक स्टार दिला होता, मग डिसेंबरात चार केले. ज्यांनी ते दोन्ही वाचून मला वेड्यात काढलं असेल त्यांच्यासाठी हा तिसरा.

माप, वजन, रंग, किती फूट खोल जातो हे सगळं विक्रीच्या पानावर आहे, ते परत उगाळत नाही. तीन नगांचा डबा, १,८९० रुपये, दोन बोटभर आणि एक वीतभर. डब्यावर सॅल्मनचं चित्र. पानावरच्या मशीनी मराठीत मात्र ‘रावस माशासाठी उत्तम’ असं लिहिलेलं. आता रावसाला इंग्रजीत इंडियन सॅल्मन म्हणतात म्हणून कोणीतरी हा घोळ घातलाय. रावस समुद्रातला, खाडीतला. सॅल्मन वेगळाच, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत चढतो. आणि मला यातला एकही धरायचा नव्हता. निपाणीत बसून मला मरळ पाहिजे होती.

डबा आला ऑगस्टात. ऑगस्टात वेदगंगा म्हणजे तांबडा चहा. यमगर्णीच्या पुलावरून नुसतं पाणी बघून परत यायचं, दुसरं काही करण्यासारखं नसतं. त्यामुळं डबा कपाटात आणि परत करायची सात दिवसांची मुदत पुरात. ऑक्टोबरात पाणी निवळलं, पहिल्यांदा टाकला, आणि हे ध्यान डावीकडं पळालं. सरळ यायचंच नाही. जरा जोरात ओढलं की आडवं पडायचं, गिरकी घ्यायचं आणि मेलेल्या चिलापीसारखं पोट वर करून पाण्यावर यायचं. सहा रविवार गेले. मासा शून्य. बंधाऱ्यावर बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालायला आलेले मामा रोज विचारायचे, “काय ओ, खेळणं धुवालाय काय?”

फोन लावला. कन्नडसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा, मराठीसाठी काहीच नाही. हिंदीत सांगितलं, माल डावीकडं पळतोय. पलीकडची पोरगी म्हणाली, सर, प्रॉडक्ट डॅमेज आहे का? म्हटलं डॅमेज नाही, वाकडा पोहतोय. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, फोटो पाठवा. आता वाकडं पोहण्याचा फोटो कसा काढणार? व्हिडिओ पाठवला. आठ दिवसांनी उत्तर आलं: मुदत संपली आहे, शिवाय वस्तू वापरलेली दिसते. वापरल्याशिवाय वाकडी पोहते हे कळणार कसं, याचं उत्तर त्यांच्याकडं नव्हतं. त्या रात्री एक स्टार दिला. दिलेले शब्दही जरा जास्तच होते, ते नंतर काढून टाकले.

आता खरी गोष्ट. माझा मामेभाऊ अमेरिकेत ओरेगॉनला असतो. तिथं विलामेट नदीत वसंतात चिनूक जातीचा सॅल्मन चढतो आणि हा गडी सुट्टीला होडीतून तेच करतो. दिवाळीच्या फोनवर मी त्याच्यापुढं रडगाणं लावलं. तो हसायला लागला. म्हणाला, “दादा, डोळा बघितलास काय?”

डोळा म्हणजे प्लगच्या नाकावरची ती बारकी तारेची कडी, जिला आपण तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉन दोरा, बांधतो. माझा सगळा रिव्ह्यू खरं तर या कडीवर आहे. बाकी रंग, डोळ्यांची नक्षी, पोटातल्या खुळखुळणाऱ्या गोळ्या हे सगळं गिऱ्हाइकाला धरायला आहे, माशाला नव्हे. पाण्याचा दाब जिभेवर पडतो, नाक खाली दबतं, प्लग बुडी मारतो आणि दोन्ही बाजूंना सारखा थरथरतो. ओढ बरोबर मधोमध असेल तरच हे जमतं. कडी केसभर जरी एका अंगाला असेल तर ओढ तिरकी बसते आणि प्लग त्या बाजूला पळतो. उपाय एवढाच: ज्या बाजूला पळतोय त्याच्या विरुद्ध बाजूला कडी पक्कडीनं किंचित वाकवायची. किंचित म्हणजे वाकवल्याचं डोळ्याला दिसता कामा नये. काही प्लगांना तारेऐवजी स्क्रूची कडी असते, ती वाकवायची नाही, फिरवायची. वाकवली तर बुडातून सैल होते आणि आत पाणी शिरतं.

मी पहिल्यांदा वाकवली ती घरातल्या मोठ्या पक्कडीनं, जिनं सायकलचे नट काढतो. प्लग उजवीकडं पळायला लागला. परत वाकवली, परत डावीकडं. तार अशी किती वेळा सोसणार? मग बाजारातून ८० रुपयांची नोज प्लायर आणली आणि शेतातल्या पाटाच्या कडेनं चालत, प्लग हातभर तंगुसावर ओढत, चार पावलं चालायचं आणि वाकवायचं, असं तासभर केलं. पाचव्या खेपेला तो सरळ आला. नाक खाली, शेपटी थरथरतेय, काठीच्या टोकाला ठकठक एकसारखी. त्या ठकठकीवर मी खरंच खूश झालो. एवढा की घरी येऊन दोन वेळा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगताना बायको उठून आत गेली.

भावाचं म्हणणं, तिकडं जुने लोक नवा प्लग होडीच्या कडेला पाण्यात धरून तपासल्याशिवाय माशापुढं सोडत नाहीत, आणि मासा लागून गेला की परत तपासतात, कारण झटापटीत कडी हलते. फिनलंडच्या लाउरी रापालानं १९३६ साली पहिला नकली मासा कोरला तो बुचाच्या लाकडाचा, वरून चॉकलेटची चांदी गुंडाळलेला. तोही एकेक नग पोहवून बघायचा म्हणतात. माझ्या डब्यातले तिन्ही नग कोणी बादलीत तरी बुडवले असते तर माझे सहा रविवार वाचले असते. १,८९० रुपयांत एवढं तरी बसायला पाहिजे होतं, हा माझा राग आजही आहे.

कडी सुधारल्यावर भावानं पद्धतही शिकवली. ती आपल्या बंधाऱ्यावर इतकी चपखल बसते की मला आधी पटेना. सॅल्मन नदीत शिरला की खाणं सोडतो. प्लग चावतो तो भुकेनं नव्हे, खवळून. म्हणून तिकडचे लोक होडी धारेच्या उलट वल्हवतात, वर जायला नव्हे, तर होडी धारेपेक्षा सावकाश खाली सरकावी म्हणून. खालच्या अंगाला सोडलेले सगळे प्लग सारख्या अंतरावर, थरथरत, इंचाइंचानं माशाच्या तोंडावर येतात. मागं सरकत मासा शेवटी वैतागतो आणि चावतो. आपल्याकडची मरळ पिल्लं राखताना असंच करते, जवळ येईल त्याच्यावर धावून जाते. (म्हणूनच पावसाळ्यात पिल्लांचा तांबूस घोळका दिसला की तिथं काही टाकू नका. आई-बाप उचललेत की पिल्लं गेली.)

आपल्याकडं होडी नाही, पण बंधाऱ्याच्या गाळ्यातून धार सुटते. बंधाऱ्यावर उभं राहायचं, प्लग धारेत सोडायचा आणि ओढायचा नाही. ओढायचं काम पाणी करतं. तंगुसावर दर पाच मीटरला मार्करनं खूण केलीय. पंधरा मीटर सोडला की थांबायचं, मनात साठ मोजायचे, मग दोन हात आणखी सोडायचा, परत थांबायचं. धार माणसाच्या चालीएवढी असेल तर उत्तम. फेसाळ असेल तर कडी कितीही सरळ असो, गिरकी घेणारच. बारीक विणलेल्या दोऱ्यावर (ब्रेड लाईन) तो जास्त खोल जातो, जाड तंगुसावर वरच राहतो. आणि मासा लागला की लगेच हिसका द्यायचा नाही. काठी पूर्ण वाकेपर्यंत हात आवरायचा, हे मला सगळ्यात जड गेलं. पहिल्या दोन मरळी मी घाईनं घालवल्या.

अडकला तर? इथं कानडीत गळाला ‘गाळ’ म्हणतात, आणि आमचा गळ बहुतेक वेळा मराठीतल्या गाळातच असतो, हा बरगेवाल्या मामांचा आवडता विनोद. पण हा प्लग तरंगता आहे. ओढ सैल केली की वर येतो आणि जीभ लांब असल्यामुळं दगडाला आधी तीच लागते, गळ मागं राहतात. दगडात दहापैकी आठ वेळा सुटला. खोडात नाही, हे वर सांगितलंच.

मध्येच एक उद्योग केला तो सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. सॅल्मनवाले मोठ्या प्लगच्या पोटाला सार्डीनचं फिलेट बारीक रबरी दोऱ्यानं करकचून बांधतात, वासासाठी. सार्डीन म्हणजे आपली तारली. ४० रुपयांची आणली, फिलेट काढलं, शिवणाच्या डब्यातला रबरी दोरा घेतला आणि लहान प्लगला बांधली. प्लगची थरथर गेली, नुसता ओला चिंधीचा बोळा झाला. भावाला विचारलं तर म्हणाला, ते फक्त वीतभर प्लगला, आणि बांधल्यावर परत डोळा सरळ करायचा, अर्ध्यापाऊण तासानं तारली बदलायची. मग वीतभरवाल्याला बांधून संध्याकाळी सोडला. शिंगाडा मासा लागला, दीड किलोचा. म्हणजे पद्धत खोटी नाही. पण फ्रीजमधल्या तारलीच्या वासावरून आणि गायब झालेल्या दोऱ्यावरून घरात जे झालं त्यापुढं दीड किलो काहीच नाही. बंद केलं.

हिशेब मांडतो, कारण मला मांडल्याशिवाय झोप येत नाही. कडी सुधारायच्या आधी सहा फेऱ्या, शून्य. नंतर सतरा फेऱ्या, नऊ मासे: सहा मरळ, तीन शिंगाडे, मिळून सुमारे अकरा किलो. प्लग १,८९०, पक्कड ८०, तारली ४०, आणि मूळच्या तीनतोंडी गळांना डिसेंबरातच गंज चढला म्हणून नवे गळ आणि रिंगा ३८०. एकूण २,३९०. म्हणजे मासा किलोला २१७ रुपये पडला, पेट्रोल न धरता. पेट्रोल धरू नका, मीही धरत नाही.

गंजाबद्दल एक वाक्य: गोड्या पाण्यात तीन महिन्यांत गंजणारे गळ समुद्रातून चढणाऱ्या माशासाठी विकता, हे काही बरोबर नाही. यावर आणखी लिहिणार नाही, नाहीतर परत एक स्टारवर येईन.

जीभ तुटल्यावर तक्रार केलेली नाही. खोड माझं, लोभ माझा. शिवाय फोनवर परत ते दोन दाबा ऐकायची ताकद नाही. त्याऐवजी कपाटात सासऱ्यांची एक जुनी सीडी होती, भजनाची, प्लेअर भंगारात गेल्यापासून कोणी विचारलेली नाही. सीडी पॉलिकार्बोनेटची असते, तुटायला चिवट. गरम पाण्यात बुडवून कातरीनं जिभेच्या आकाराची कापली, कानशीनं घासली, प्लगच्या खाचेत दोन ट्यूबवाल्या डिंकानं बसवली, रात्रभर वाळवली. वरची चकाकी खरडून काढली नाही, म्हटलं असू दे.

काल संध्याकाळी पाटात ओढून बघितला. बुडी झकास मारतो, आधीपेक्षा खोल. फक्त डावीकडं पळतोय. कडी केसभर उजवीकडं घेतलीय, आज परत बघतो.