दहावीचं इंग्रजी : उत्तराचा साचा की समासातल्या नोंदी?

सीबीएसईच्या दहावीला इंग्रजी साहित्य शिकवायला घेतलं की एक गोष्ट लवकर ठरवावी लागते. मुलांना उत्तराचा साचा द्यायचा (आधी मुद्दा, मग कवितेतला पुरावा, मग स्पष्टीकरण), की कवितेचा कागद पुढ्यात ठेवून समासात ओळीगणिक नोंदी करायला लावायच्या? माझ्याकडे इंदूरच्या रामबाग, नारायणबाग भागातली मुलं येतात. घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. त्यांच्याबरोबर मी दोन्ही रीती वापरल्या आहेत.

साच्याची बाजू भक्कम आहे. पेपरच्या 80 गुणांपैकी 40 साहित्याचे, आणि उत्तरं मोजक्या शब्दांत हवीत. लहान उत्तर 40-50 शब्दांचं, मोठं 100-120 शब्दांचं. एवढ्या जागेत कुठून सुरुवात करायची ते ठाऊक असलं की घाबरट मूलसुद्धा कोऱ्या कागदासमोर अडून बसत नाही. तपासणाऱ्यालाही मुद्दा शोधत बसावं लागत नाही. जानेवारीत दार ठोठावणाऱ्या मुलाला मी आजही साचाच देतो.

माझं अडतं ते तिसऱ्या पायरीवर. मुद्दा लिहून होतो, पुराव्याची ओळ अवतरणात येते, आणि स्पष्टीकरणाच्या जागी पहिलंच वाक्य कपडे बदलून परत येतं. नाहीतर ते ठरलेलं वाक्य येतं : कवीने प्रतिमांचा सुंदर वापर करून वाचकाच्या डोळ्यांसमोर चित्र उभं केलं आहे. पिंजऱ्यातल्या वाघाच्या कवितेखाली हेच, धुक्याच्या कवितेखाली हेच, चेंडू हरवलेल्या मुलाच्या कवितेखालीही हेच. कवितेचं नाव झाकून वही वाचली तर उत्तर कशावरचं आहे ते कळत नाही. पंचाईत अशी की वाक्यात चूक काहीच नसते. व्याकरण नीट, स्पेलिंग नीट. लाल पेन हातात धरून मी बसतो आणि खोडायचं काय ते सुचत नाही. थोडेफार गुणही मिळतात, म्हणून मुलाला बदलावंसं वाटत नाही. वहीमागून वही हेच वाचत गेलो आणि माझा कल दुसरीकडे झुकला.

समासातल्या नोंदींत काय होतं ते एका कवितेवरून सांगतो. रॉबर्ट फ्रॉस्टची 'डस्ट ऑफ स्नो' आठच ओळींची आहे. कावळा झाडावरून अंगावर बर्फाचा भुगा पाडतो आणि कवीचं उदास मन जरा हलकं होतं. गाइड सांगतं, कावळा अशुभ. साच्यातलं मूल तेवढं उतरवून मोकळं होतं. नोंदी करताना मात्र एका मुलीने पेन्सिल थांबवून विचारलं, "काका, पण आमच्याकडे कावळा ओरडला की आजी म्हणते पाहुणे येणार. मग हा अशुभ कसा?" तिथून गाडी पिंडाला शिवणाऱ्या कावळ्यापर्यंत गेली. मग कवीने कोकीळ का घेतला नाही, हा प्रश्न मुलांनी स्वतःच काढला. ज्याच्याकडून चांगल्याची अपेक्षा नाही त्याच्याकडूनच दिवस सावरला जातो, हे उत्तर त्यांना मी दिलेलं नाही.

भाषेचंही तेच. अख्खी कविता मिळून एकच वाक्य आहे. कर्ता शोधा म्हटलं की पहिलं कडवं पूर्ण त्यात जातं, आणि मुख्य क्रियापद दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी सापडतं. तेवढा वेळ आपण थांबलेलो असतो आणि मनःस्थितीचा बदल त्यानंतर येतो. दोन रंगांच्या पेन्सिलींनी हे कागदावर केलं की नववीतून नुकत्याच आलेल्या मुलालाही दिसतं. नोंद मराठीत असो, हिंदीत असो, मी अडवत नाही. इंग्रजी वाक्य नंतर जमवता येतं.

अर्थात ही रीत वेळखाऊ आहे. एका छोट्या कवितेला अख्खा तास जातो. बुजरी मुलं समासात फक्त शब्दार्थ लिहितात आणि त्यांना बोलतं करावं लागतं. शिवाय नोंदींचं आपोआप उत्तर होत नाही. भरभरून बोलणारं मूल 50 शब्दांच्या जागी पान भरवतं, मग काटछाट शिकवायला साचाच कामी येतो. तुमच्या हाती दोनच महिने असतील, किंवा मूल पास होण्याच्या काठावर असेल, तर साचा घ्या, त्यात कमीपणा नाही. पण एप्रिलपासून वेळ असेल तर मी तरी आधी नोंदी घेईन आणि दिवाळीनंतर साचा आणीन. उतारा देऊन प्रश्न विचारतात, तिथे कवितेच्या एका उताऱ्यालाच 5 गुण असतात, आणि माझ्या पाहण्यात तिथे नोंदीवाली मुलं कमी गडबडतात.

सुरुवात करणार असाल तर छोटी कविता घ्या आणि पुस्तकातच लिहायला लावू नका. तिथल्या समासात काही मावत नाही. झेरॉक्स काढताना दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा सोडायला सांगा.