सर्जनशीलतेचे इंग्रजी शब्द मुळापासून शिकायचे असतील तर: ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी

क्रिएट, इन्व्हेंट, इनोव्हेट, इन्स्पायर, इमॅजिन, जीनियस, पोएट, टेक्निक, आयडिया. नवनिर्मितीबद्दल इंग्रजीत बोलायला लागणारे हे सगळे शब्द लॅटिन किंवा ग्रीकमधून आलेले आहेत. ते सुटे सुटे पाठ केले की विसरतात, धातूवरून कुळाकुळाने शिकले की टिकतात. त्यासाठी फुकट मिळणाऱ्या साधनांत डग्लस हार्पर यांची ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी सर्वांत कामाची आहे. फक्त एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. हा व्युत्पत्तिकोश आहे, अर्थकोश नाही. शब्दाचा आजचा नेमका अर्थ, उच्चार, वाक्यात वापर हे इथे शोधू नये.

शब्द टाकला की नोंदीत आधी व्याकरणातला प्रकार आणि काळ दिसतो. हा काळ म्हणजे इंग्रजीतल्या सर्वांत जुन्या उपलब्ध लिखित पुराव्याचा. शब्द त्याच वर्षी जन्मला असा अर्थ काढायचा नाही. बोलण्यात तो आधीपासून असू शकतो, आणि जुना पुरावा सापडला की तारीख मागे जाते. पुढे फ्रेंच, लॅटिन, ग्रीक असा मागे मागे जाणारा प्रवास, आणि शेवटी बऱ्याचदा तारांकित धातू. तारा म्हणजे ते रूप कुठल्याही लेखात सापडलेलं नाही, संस्कृत, ग्रीक, लॅटिन अशा एकाच कुळातल्या भाषांची तुलना करून बांधलेलं आहे. या धातूवर क्लिक केलं की त्याचं स्वतंत्र पान उघडतं, आणि कोशाची खरी श्रीमंती या पानांत आहे.

उदाहरण म्हणून ‘फिक्शन’ घ्या. नोंद आपल्याला लॅटिन ‘फिंगेरे’ या क्रियापदाकडे नेते: घडवणं, आकार देणं, मूळ अर्थाने माती मळून घडवणं. त्याचं भूतकाळवाचक रूप ‘फिक्टुस’, म्हणून ‘फिक्शन’ आणि ‘फिक्टिशस’मध्ये क्ट. त्याच क्रियापदाच्या घरातून ‘फिगर’, ‘फिगमेंट’, ‘एफिजी’. आणि तेच फ्रेंचमधून फिरून आलं तेव्हा झालं ‘फेन’, म्हणजे सोंग करणं. लॅटिनमधून थेट आलेला शब्द आणि फ्रेंचमधून झिजून आलेला शब्द एकाच घरातले असूनही इतके वेगळे का दिसतात, हे एका पानावर उलगडतं. ‘कन्सेप्ट’ आणि ‘कन्सीव्ह’ यांचंही तसंच. ‘फिंगेरे’च्या धातूच्या पानावर आणखी खाली गेलं की तिथे संस्कृत ‘देह’ भेटतो: घडवलेला तो देह.

मराठी वाचकाला या कोशाचा इतरांपेक्षा जास्त फायदा होतो तो इथे. ‘इनोव्हेट’मधला ‘नोवुस’ म्हणजे आपला नव. ‘जीनियस’ आणि ‘इंजिन’ ज्या धातूचे, त्याच धातूचे जन आणि जन्म. ‘आर्किटेक्ट’, ‘टेक्निक’, ‘टेक्स्ट’ यांच्या धातूखाली संस्कृत तक्षन्, म्हणजे सुतार. ‘पोएट’ ज्या ग्रीक ‘पोइएन’वरून आला, त्याच्या मुळाशी रचणं, रास घालणं असा अर्थ, आणि संस्कृत चिनोति (रास करतो), चयन, संचय त्याचेच. ‘इन्व्हेंट’मधलं लॅटिन ‘वेनिरे’ (येणं) आणि आपलं गम् (जाणं) एकाच मुळाचे. त्यामुळे ‘इन्व्हेंट’चा जुना अर्थ चालता चालता सापडणं असा होता, हे मुद्दाम पाठ करावं लागत नाही.

आता घसरण्याच्या जागा. पहिली म्हणजे ‘इन’ हा उपसर्ग. कोशात तो दोन वेगळ्या क्रमांकांनी दिला आहे: पहिला नकाराचा, दुसरा ‘आत’ किंवा ‘वर’ या अर्थाचा. ‘इन्स्पायर’, ‘इन्व्हेंट’, ‘इनोव्हेट’, ‘इन्जीनियस’ यांत दुसरा आहे, ‘इन्कॉम्पिटंट’मध्ये पहिला. घाईत क्रमांक न बघता टिपण केलं तर ‘इन्जीनियस’चा अर्थ ‘जीनियस नसलेला’ असा उलटा बसतो, आणि एकदा बसला की निघत नाही.

दुसरी जागा दिसायला सारख्या शब्दांची. ‘म्यूज’ या नामाच्या आणि क्रियापदाच्या नोंदी वेगळ्या आहेत. ‘म्युझिक’, ‘म्युझियम’, ‘मोझॅइक’ हे म्यूज नावाच्या ग्रीक कलादेवतांकडून आले. विचारात हरवणं या अर्थाचं ‘म्यूज’ आणि ‘अम्यूज’ मात्र जुन्या फ्रेंच क्रियापदावरून. एक नोंद वाचून थांबलात तर ‘अम्यूज’ चुकीच्या कुळात टाकाल. ‘क्रिएट’ आणि ‘क्रेडिट’चंही तेच. ‘क्रिएट’चं नातं वाढण्याच्या धातूशी, ‘क्रेसेंट’ आणि ‘इन्क्रीज’ त्याचे भाऊ. ‘क्रेडिट’ आणि ‘क्रीड’ हे विश्वास ठेवण्याचे, आपल्या श्रद्धेचे नातेवाईक. ‘सेरेंडिपिटी’ तर शेपटीवरून लॅटिन वाटतो, पण तो इंग्रज लेखक होरेस वॉल्पोलने 1754 मध्ये सेरेंडिप या श्रीलंकेच्या जुन्या नावावरून घडवला, आणि ते नाव मागे नेलं तर सिंहलद्वीपापर्यंत पोचतं.

तिसरी, आणि सर्वांत महाग पडणारी: मूळ अर्थ हाच खरा अर्थ मानणं. ‘एन्थुझिअॅझम’ म्हणजे मुळात अंगात देव येणं, पण आज ऑफिसच्या ईमेलमध्ये त्याचा अर्थ नुसता उत्साह. ‘टॅलेंट’ हे एके काळी वजन आणि तेवढ्या वजनाचं धन होतं. मूळ अर्थ आठवणीचा खुंटा म्हणून वापरावा, निबंधात त्या अर्थाने शब्द वापरला तर चूकच धरली जाईल.

कोशाच्या उणिवाही सांगायला हव्यात. ग्रीक आणि संस्कृत शब्द रोमन लिपीत आहेत, आणि संस्कृतच्या दीर्घ स्वरांच्या खुणा बऱ्याच ठिकाणी नाहीत. ‘मातृ’सारखा ओळखीचा शब्द सुटतो, अनोळखी शब्दात ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. तिथे विक्शनरी (विकिपीडियासारखा सर्वांनी मिळून लिहिलेला ऑनलाइन शब्दकोश) उघडावी. ती ग्रीक शब्द ग्रीक लिपीत आणि संस्कृत देवनागरीत देते. पण तिथल्या नोंदी अनेक हातांच्या, काही उत्तम, काही अर्ध्याच, म्हणून कुळ लावायला हार्पर आणि लिपी तपासायला विक्शनरी अशी विभागणी चांगली चालते. शतकागणिक अवतरणं हवी असतील तर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीला पर्याय नाही, मात्र तिच्या पूर्ण नोंदींना वर्गणी लागते.

धातूच्या पानांची आणखी एक अडचण आहे: याद्या फार लांब. जन्माच्या धातूखाली ‘जेंटल’, ‘किंग’, ‘नेशन’ असं सगळं येतं आणि एका बसणीत उतरवायला गेलं की डोकं भरतं. एका धातूतून सर्जनशीलतेशी संबंधित पाच-सहाच शब्द घ्यावेत. वहीत चार रकाने पुरतात: लॅटिन क्रियापदाची दोन रूपं, उपसर्ग क्रमांकासह, इंग्रजी शब्द, आणि अर्थकोशातून घेतलेला आजचा अर्थ. चौथा रकाना भरल्याशिवाय पुढच्या धातूकडे जायचं नाही. नोंदीच्या शेवटी ‘रिलेटेड’ म्हणून दिलेली क्रियाविशेषणं आणि भाववाचक नामं त्याच ओळीत लिहून टाकावीत, वेगळी पाठ करायची गरज उरत नाही.

ज्यांचं इंग्रजी वाचन बेताचं आहे त्यांना नोंदींची आखूड, संक्षेपांनी भरलेली भाषा जड जाईल. त्यांनी आधी साधा अर्थकोश वापरावा. भाषांतर करणारे, शिक्षक आणि स्पर्धा परीक्षांचा शब्दसंग्रह वाढवणारे यांनी ‘फिंगेरे’च्या कुळापासून सुरुवात करावी, ते लहान आहे, आणि रूपं कशी बदलतात ते त्यात पूर्ण दिसतं.