दोन वेळा पोटभर की चार वेळा थोडे थोडे? नाजूक पोटाच्या कुत्र्यासाठी दोन वेळापत्रकांची तुलना

आमची चिंगी ही सहा वर्षांची, २६ किलो वजनाची लॅब्रॅडॉर कुत्री आहे. पहिली चार वर्षे तिला आम्ही सकाळी आणि संध्याकाळी असे दोन वेळा जेवण देत होतो. गेली दोन वर्षे तेवढेच अन्न चार वेळांत विभागून देत आहोत. दोन्ही पद्धती एकाच घरात, एकाच कुत्रीवर आणि त्याच खाद्यावर वापरून झाल्यामुळे, या दोहोंपैकी काय निवडावे अशा विचारात असलेल्यांना आमचा अनुभव उपयोगी पडावा, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे. जंताचे औषध आणि लसी वेळेवर होत आहेत, डॉक्टरांनी एकदा तपासून मोठा आजार नसल्याचे सांगितले आहे आणि तरीही पोटाची कुरकुर थांबत नाही, असे मी गृहीत धरतो. भांडे दिवसभर भरून ठेवण्याची तिसरी पद्धत मी विचारातच घेतलेली नाही. तिच्यात मुंग्या तर लागतातच, शिवाय कुत्र्याची भूक नेमकी कधी मंदावली हे कळायला फार उशीर होतो.

दोन वेळांच्या पद्धतीचे गुण खरे आहेत आणि ते नाकारण्याचे कारण नाही. धडधाकट पोटाच्या प्रौढ कुत्र्याला सहसा एवढे पुरते. कडकडून भूक लागलेली असल्यामुळे कुत्रे समोर ठेवलेले मुकाट्याने संपवते, नखरे करत नाही. जेवणानंतर थोड्याच वेळात शौचाची भावना होते, त्यामुळे बाहेर नेण्याच्या वेळाही ठरून जातात. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आमच्यासारख्यांना ही सोय लहान वाटत नाही. दोघेही नोकरी करत असतील आणि दिवसभर घराला कुलूप असेल, तर या पद्धतीला फारसा पर्यायही उरत नाही.

तरीही आम्ही ती सोडली, त्याचे कारण पहाटेची उलटी. पावणेपाचच्या सुमारास चिंगी उठून अस्वस्थपणे खोलीत फिरू लागे, वारंवार ओठ चाटे, पोट आत ओढल्याचा तो खोल आवाज दोन-तीनदा येई आणि मग फरशीवर पिवळा, फेसाळ, चिकट ओघळ पडे. त्यात अन्नाचा कणही नसे. उलटी पुसून काढण्याचे काम कोणीही करील. मला जे सहन होईना ते त्यानंतरचे होते. उलटी झाल्यावर ती सकाळचे जेवण हुंगून बाजूला होई, बाहेर नेले की अधाशासारखे गवत खाई, तिच्या पोटातली गुरगुर शेजारी बसलेल्यालाही ऐकू येई आणि आदल्या संध्याकाळपासून रिकामे असलेले पोट दुपार उलटली तरी रिकामेच राही. मग संध्याकाळी ती एवढ्या घाईने खाई की निम्मे अन्न न चावताच पोटात जाई. लॅब्रॅडॉर जातीच्या कुत्रीने जेवणाकडे पाठ फिरवावी, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना माझी त्या वेळची घालमेल समजेल.

त्या महिन्यात मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत उलटीच्या प्रत्येक दिवशी पेन्सिलीने फुली मारत होतो. महिनाअखेर अकरा फुल्या झाल्या. डॉक्टरांनी ते पान पाहिले आणि खाद्याचे नावही न विचारता पहिला प्रश्न केला, ‘‘रात्रीचं शेवटचं खाणं किती वाजता असतं?’’ संध्याकाळी साडेसहा आणि सकाळी फिरून आल्यावर आठ, असे आमचे वेळापत्रक होते. सकाळ-संध्याकाळ म्हटले की बारा-बारा तासांचे सारखे अंतर असल्यासारखे वाटते, पण मोजले तेव्हा रात्रीचा उपास साडेतेरा तासांचा निघाला. पोट फार वेळ रिकामे राहिले की लहान आतड्यातील पित्त उलट जठरात येते आणि तिथल्या अस्तराचा दाह होतो, म्हणून अशी उलटी पहाटे व उपाशीपोटी होते, असे मानले जाते. त्यांनी औषधाआधी वेळ बदलून पाहण्याचा सल्ला दिला.

आता तिचे दिवसाचे ३२० ग्रॅम कोरडे खाद्य असे विभागलेले आहे : सकाळी सातला १०० ग्रॅम, दुपारी एकला ८०, संध्याकाळी साडेसहाला १०० आणि रात्री साडेदहाला ४०. रात्रीचे ४० ग्रॅम म्हणजे जेमतेम एक मूठ. ते मी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून देतो. रात्रीचा उपास त्यामुळे साडेआठ तासांवर आला. पहिल्या महिन्यात दिनदर्शिकेवर दोनच फुल्या पडल्या आणि त्यांतली एक, आम्ही लग्नाहून उशिरा परतलो आणि रात्रीची मूठ राहून गेली, त्या पहाटेची होती. एका कुत्रीच्या एका महिन्याला पुरावा म्हणता येणार नाही, हे मी जाणतो. परंतु ती सकाळचे भांडे पुन्हा चाटूनपुसून लख्ख करू लागली, हे मला त्या फुल्यांपेक्षाही मोलाचे वाटले.

चार वेळांच्या पद्धतीची गैरसोयही सांगितली पाहिजे. दुपारी कोणीतरी घरी असावे लागते. आमच्याकडे आई असते म्हणून ते जमते. रात्री साडेदहाला खाऊ घातल्यावर अकराच्या सुमारास एकदा खाली न्यावे लागते, मग बाहेर नाशिकची थंडी असो वा पाऊस. सर्वांत मोठा धोका मात्र एकच खाणे दोनदा दिले जाण्याचा आहे. सुरुवातीला ‘‘चिंगीला दिलं का गं?’’ हा प्रश्न घरात दिवसातून दहा वेळा विचारला जाई आणि तरीही महिन्याभरात तिचे वजन किलोभराने वाढले. २०१६ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की साधारण एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये भूक आवरणाऱ्या एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो. या जातीच्या कुत्र्याचे डोळे पाहून भूक ठरवू नये, हे तेव्हापासून आम्ही मनावर घेतले आहे. उपाय साधा निघाला. सकाळीच पूर्ण दिवसाचे खाद्य वजन करून स्टीलच्या एका डब्यात काढायचे, जे काही द्यायचे ते त्यातूनच द्यायचे आणि बक्षीस म्हणून हातावर ठेवायचे चार दाणेही त्यातलेच. डबा रिकामा झाला की दिवस संपला. तेव्हापासून आईला कोणाला काही विचारावे लागत नाही.

प्रत्येक नाजूक पोटाला हाच उपाय लागू पडेल, असे मात्र मी म्हणणार नाही. तक्रार उलटीची नसून शौच पातळ होण्याची असेल, तर किती वेळा घालतो यापेक्षा काय घालतो याकडे आधी पाहावे. दूध हे आपल्याकडचे नेहमीचे कारण आहे, कारण पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही. दुसरे कारण म्हणजे पाकीट संपले म्हणून एका दिवसात खाद्य बदलणे. हा बदल जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत सात ते दहा दिवसांत व्हायला हवा. भाताला उगाच दोष दिला जातो. कुत्र्याला लांडग्याच्या मानाने पिष्टमय अन्न कितीतरी चांगले पचते, हे स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली जनुकांवरूनच दाखवले आहे. बिघडलेल्या पोटाला दोन-तीन दिवस मऊ भात आणि बिनमिठाचे, बिनमसाल्याचे उकडलेले चिकन उत्तमच, पण कॅल्शियम व इतर घटकांची त्यात उणीव असल्यामुळे ते महिनोन्‌महिने चालवू नये. कांदा-लसूण घातलेला रस्सा आणि सणासुदीचे तळलेले, तुपातले पदार्थ कोणत्याच वेळापत्रकात बसत नाहीत.

याउलट, कुत्रे भराभर गिळणारे किंवा ग्रेट डेन, जर्मन शेफर्डसारखे खोल छातीचे असेल, तर माझा कौल अधिकच ठामपणे लहान खाण्यांकडे जातो. अशा जातींत पोट फुगून त्याला पीळ पडण्याचा प्राणघातक धोका असतो आणि दिवसातून एकदाच भरपूर खाणे व घाईने खाणे या दोन्ही सवयींनी तो वाढतो. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्या कुत्र्याची गोष्ट निराळी आहे. त्याचे जेवण इंजेक्शनच्या वेळेशी बांधलेले असल्यामुळे तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घड्याळाला हात लावू नये. उलटीत किंवा शौचात रक्त दिसले, पाणीही पोटात ठरेना, पोट टणक फुगले किंवा कुत्रे मलूल होऊन पडून राहिले, तर वेळापत्रकाचा विचार बाजूला ठेवून त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

घरी दुपारी कोणी नसेल, तर चार वेळांच्या हट्टाने स्वतःला दोष लावून घेण्याचे कारण नाही. सकाळ-संध्याकाळची दोन जेवणे तशीच ठेवावीत, संध्याकाळच्या वाट्यातून एक मूठ बाजूला काढावी आणि झोपण्यापूर्वी ती द्यावी. दोन आठवडे दुसरे काहीही न बदलता पाहावे. आम्ही सुट्टीत गावी जातो तेव्हा माणसांची ये-जा आणि जेवणाच्या पंगती यांत चिंगीची दुपारची वेळ पुष्कळदा बुडते आणि तिला ते निभावतेही. रात्रीची मूठ मात्र आम्ही तिथेही चुकवत नाही. साडेदहाला अंगणातल्या दिव्याखाली मी वाटीत कोमट पाणी ओतायला लागलो की ती आपणहून पायरीवर येऊन बसते.