किहीमच्या ‘बीच टच’ कॉटेजचे १६,९९९ रुपये

आधी आकडा सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचा कंटाळा आहे त्यांनाही कळेल. ७,००० अधिक ५,००० अधिक ४,९९९. एकूण १६,९९९. आणि ज्या कॉटेजसाठी हे भरले ते भाड्याने मिळतच नाही, कधीच मिळत नव्हतं, तिथे एक आजी राहतात.

झालं असं की नाताळच्या सुट्टीत नागपूरहून मोठ्या नणंदबाई आणि त्यांची दोन मुलं आमच्याकडे डोंबिवलीला आली. मुलांनी समुद्र पाहिलेलाच नाही. जुहूला नेलं तर समुद्र कमी आणि माणसं जास्त, अक्साचं नाव काढलं की सासूबाई बुडालेल्यांच्या बातम्या सुरू करतात (त्यात चूक काही नाही म्हणा), म्हणून ठरलं अलिबाग. पण अलिबाग म्हणजे काय एक बीच आहे का? गावातल्या बीचवर कुलाबा किल्ला, ओहोटीला चालत जाता येतं, पण सुट्टीत पाय ठेवायला जागा नसते. वरसोली जवळ आहे. आक्षीला सुरूची झाडं आणि शांतता, पण मुलांना शांतता देऊन काय करायचं. नागावला बनाना राईड, बंपर राईड, सगळा गोंगाट. काशीद अजून तीसेक किलोमीटर पुढे, वाळू पांढरी, फोटो एक नंबर, पण तिथली लाट ओढते आणि आमच्यात पोहता येणारं माणूस शून्य, त्यामुळे आमच्या ह्यांनी काशीदवर आधीच काट मारली. आणि भाची हटून बसलेली की पांढरीच वाळू पाहिजे. रीलमध्ये पाहिली होती ना तिने.

आणि नेमकं तेव्हाच मला फोनवर अलिबागजवळच्या किहीमचं कॉटेज दिसलं. बीच टच, माड, झोपाळा आणि समोर पांढरीशुभ्र वाळू.

मी दहा वेळा तरी अलिबागला गेलेय. तिकडची वाळू काळपट आहे हे मला माहीत नाही का? आहे माहीत. तरी मला वाटलं असेल बाबा किहीमचा एखादा तुकडा तसा. माणसाला जे पाहिजे असतं ते दिसलं की डोकं असं चालतं.

फोन केला तर समोरून अगदी गोड मराठी. ‘ताई, कुठून बोलताय? डोंबिवली? अहो माझी आत्या डोंबिवलीची, बोला बोला.’ आपलाच माणूस वाटला मला, तिथेच अर्धी लढाई त्याने जिंकली. दोन रूम, दोन रात्री, रूमला रात्रीचे ३,५०० म्हणजे १४,०००, त्यातले निम्मे ॲडव्हान्स. नाताळात तिकडे काय रेट असतात ते ज्यांना माहितीय त्यांना कळेल की हे स्वस्त नव्हतं आणि महागही नव्हतं. फार स्वस्त असतं तर मला संशय आला असता, आणि हे त्यालाही माहीत असणार. ‘ताई, अजून दोन पार्ट्या मागतायत, पण लहान मुलं आहेत म्हणून तुमच्यासाठी दहा मिनिटं थांबतो.’ स्कॅनर पाठवला, मी भाजी फोडणीला टाकता टाकता ७,००० पाठवले. स्क्रीनवर नाव वेगळंच आलं, कुठल्यातरी ट्रेडर्सचं. विचारलं तर म्हणे ते आमच्या अकाउंटंटचं खातं.

संध्याकाळी रिसिट आली. लोगो, चेक-इन बारा वाजता, पाळीव प्राणी आणू नयेत, सगळं छापील. दुसऱ्या दिवशी परत फोन, सुट्टीत लोक तोडफोड करतात म्हणून ५,००० डिपॉझिट, निघताना परत. हे खरं तर बऱ्याच व्हिला-बंगल्यांत घेतात त्यामुळे मला खटकलं नाही, तेही भरले. ह्यांनी एकदाच विचारलं, ‘कोणाच्या ओळखीचं आहे का?’ मी म्हटलं रिसिट आलीय.

चार दिवसांनी निघालो. गेटवेवरून मांडव्याची लाँच, मुलं वरच्या डेकवर, लाँचच्या मागे पांढरे सीगल, भाचा त्यांना वेफर्स उडवतोय, नणंदबाई ओरडतायत की वाकू नको रे, आणि त्यात माझा फोन. आवाज तोच. ‘ताई, तुमचं डिपॉझिट सिस्टीममध्ये अडकलंय. ५,००० नाही, ४,९९९ टाकायचे होते, एक रुपयाने मिसमॅच झालंय. तुम्ही आत्ता ४,९९९ टाका, आधीचे ५,००० ऑटोमॅटिक रिटर्न होतील, नाहीतर चेक-इन कोड जनरेट होणार नाही.’ आता घरी बसून वाचताना हे किती येडपट वाटतं! पण लाँच हलतेय, रेंज येतेय-जातेय, बरोबर नागपूरचे पाहुणे, आणि पोचल्यावर रूम नाही मिळाली तर काय ही धास्ती. टाकले. नंतर वाचलं की हा एक रुपया, दहा रुपये कमी-जास्तवाला प्रकार हॉटेल बुकिंगच्या नावाने खूप चालतो, फक्त आकडे बदलतात.

मांडव्याला उतरलो, लाँचच्या तिकिटातलीच बस पकडली, चोंढी नाक्याला उतरून मिनीडोर रिक्षा केली. ड्रायव्हरला फोनमधला फोटो दाखवला. त्याने गाडी बाजूला घेतली, फोटो बोटांनी मोठा केला, म्हणाला, ‘गेट तर त्या आजींच्या वाडीचं आहे. पण ही वाळू आपल्याकडची नाही ओ.’

गेट खरंच होतं. निळं, वर झुकलेली जास्वंद, फोटोतलं अगदी तेच. आत ओटीवर आजी सुपारी कातरत बसलेल्या. आम्ही बॅगा घेऊन उभे, त्यांनी वर पाहिलं आणि आम्ही काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, ‘तुम्ही पण त्या फोटोवाले का? परवा ठाण्याचे येऊन गेले.’ मला तिथे पायऱ्यांवर रडूच आलं. पैशांपेक्षा नणंदबाईंसमोर लाज वाटली त्याचं. आजींनी पाणी दिलं, मुलांना केळी दिली, आणि वर त्यांनाच अपराधी वाटत होतं, जसं काही गेट त्यांचं म्हणून चूक त्यांची.

आता खरा कळस ऐका. मी त्या माणसाला फोन केला तर त्याने उचलला! चिडला नाही, घाबरला नाही. ‘सॉरी ताई, डबल बुकिंग झालं, सगळे १६,९९९ रिफंड करतो, मी स्कॅनर पाठवतो तो स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे जमा होतील.’ आणि मी, बीकॉम झालेली बाई, स्कॅन करून पिन टाकायला लागले होते. ह्यांनी हातातून फोन ओढला. पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. हे मला माहीत होतं, माझ्या आईला मीच शिकवलंय. त्या क्षणी आठवलं नाही.

तिथूनच १९३० ला फोन लावला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाईन नंबर, सेव्ह करून ठेवा, तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला. त्यांनी बँक, रक्कम, वेळ आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (व्यवहाराचा ओळख क्रमांक) विचारला, तो ॲपमध्ये हिस्टरीत मिळतो. तक्रारीचा नंबर मेसेजवर आला, मग त्यांच्या पोर्टलवर स्क्रीनशॉट आणि ती सुंदर रिसिट जोडली, बँकेलाही कळवलं. लाँचवर भरलेले ४,९९९ समोरच्या खात्यातच सापडले, ते होल्डवर गेलेत, परत मिळायची प्रोसेस चालू आहे. आधीचे १२,००० तोवर पुढे पोचलेले. मला वाटतं दुपारी आजींच्या ओटीवर अजून दोन तास रडत बसले असते तर हेही गेले असते.

राहायचं काय? मिनीडोरवाला थांबलेला होता बिचारा. त्याने नागावला एका वाडीत फोन लावला, मावशी म्हणाल्या एकच खोली आहे, बाकीचे ओटीवर गाद्या टाकून झोपा. ॲडव्हान्स विचारला तर म्हणाल्या, ‘आधी या तर खरं.’ माडा-सुपारीची वाडी, बीच चालत सात मिनिटं, वाळू काळपटच, आणि भाची त्या काळपट वाळूत अंधार पडेपर्यंत लोळत होती. रात्री मावशींच्या मुलाने पोपटी लावली, मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, वरून पेटवलेला पेंढा. नणंदबाईंनी नागपूरला जाऊन सगळ्यांना पोपटीचंच सांगितलंय, फसवणुकीचं अवाक्षर नाही. माझी लाज राखली त्यांनी.

मावशींना विचारलं की लांबून बुक करताना खरं-खोटं कसं ओळखायचं. त्या म्हणाल्या, ओहोटी कधी आहे विचार, एसटीतून कुठल्या स्टॉपला उतरायचं विचार, शेजारी कोणाचं घर आहे विचार. इथल्या माणसाला झोपेतून उठवलंस तरी सांगेल. मी त्या माणसाला विचारलं होतं गिझर आहे का, वायफाय आहे का. त्याला काय, हो म्हणायचं होतं फक्त. आता मी व्हिडिओ कॉलवर गेटपासून समुद्रापर्यंत चालून दाखवा असं सांगते, आणि खात्यावर वेगळं नाव दिसलं की विषय संपला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे बीचवर बसलो होतो, सूर्य पाण्यात टेकलेला, भाचा माझ्या फोनमधले ते जुने फोटो बघत होता. पाचवीत आहे तो. म्हणाला, ‘मामी, ह्या फोटोखाली लिहिलंय की रूममधून समुद्रावरचा सनराईज दिसतो. पण इथे तर सूर्य समुद्रात मावळतोय, मग उगवतो कसा तिकडूनच?’ ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी समुद्राकडे पाहिलं. जन्म सगळा ह्या किनाऱ्यावर गेला माझा.

परवा सहज शोधलं. निळ्या गेटचा फोटो काढून टाकलाय, बहुतेक आजींच्या नातवाने रिपोर्ट केलं असावं. पण झोपाळा तोच, पांढरी वाळू तीच, समुद्रावरचा सनराईजही तोच. नाव आता काशीदचं आहे, नंबर नवीन आहे, आणि ३१ डिसेंबरसाठी ‘फक्त दोन रूम शिल्लक’.