बारीक, जाड की पिवळी: मोहरी कुठली घ्यावी?

वाण्याकडे मोहरी मागितली की तो विचारतो, "बारीक देऊ की जाड?" नव्यानं संसार मांडलेली माणसं इथंच अडखळतात. शेजारी पिवळी मोहरी असते, लोणच्यासाठीची मोहरीची डाळ असते आणि पाकिटातली तयार पूडही असते. अशा वेळी आधी एवढंच ठरवा की मोहरी तेलात तडतडणार आहे की पाण्यात वाटली जाणार आहे.

मोहरीचा झणका अख्ख्या दाण्यात तयार नसतोच. दाणा फुटून त्याला पाणी लागलं की आतलं मायरोसिनेज नावाचं विकर कामाला लागतं आणि नाकात जाणारा तिखटपणा तयार होतो. तापल्या तेलात हे विकर निकामी होतं. म्हणून फोडणीतली मोहरी तिखट न लागता खमंग लागते, आणि तीच मोहरी फेसली तर डोळ्यांतून पाणी काढते.

फोडणीसाठी मी बारीकच घेते. ती पटकन तडतडते, पोह्यांत आणि वरणात सगळीकडे पसरते, दाताखाली कचकचत नाही. जाड मोहरी कढल्यात उशिरा फुटते आणि फुटेपर्यंत ओट्यावर उड्या मारते. तेल तापलं का ते पाहायला एक दाणा टाका. तो तळाशी नुसता बसला तर थांबा, लगेच उडाला तर बाकीची मोहरी घाला. तडतडाट ओसरू लागला की जिरं, हिंग, हळद. त्यापुढे रेंगाळलात तर मोहरी जळून कडू होते, आणि तो कडवटपणा मग कशानंच झाकत नाही.

फेसायला मात्र जाड मोहरी सोयीची, कारण ती वाटली लवकर जाते. दोन चमचे मोहरी, थोडं मीठ आणि थंड पाणी घेऊन मिक्सर थांबत थांबत फिरवा. वाटण पांढरट, फुगीर झालं की झाकण उघडताना तोंड बाजूला करा, वाफारा थेट नाकात बसतो. मग दहा मिनिटं झाकून ठेवा आणि लिंबू त्यानंतर पिळा. आंबट आधीच घातलं तर झणका पुरता चढत नाही, नंतर घातलं तर चढलेला झणका टिकतो. काकडीच्या कोशिंबिरीत हे एक चमचाभर वाटण दह्यासोबत घालून बघाच. गोव्याच्या सासवातही, म्हणजे पिकल्या आंब्याच्या रश्श्यात, मोहरी खोबऱ्याबरोबर वाटूनच घालतात, आणि आंब्याच्या गोडाला तिचा तो चटका हवाच असतो.

कैरीच्या लोणच्याला मोहरीची डाळ घ्या. इथं एक चूक मी केली आहे: फोडणीचं तेल कोमट झालंय असं समजून डाळीवर ओतलं, पण ते चांगलंच गरम होतं. लोणचं टिकलं, पण वर्षभर मिळमिळीत लागलं. तेल पूर्ण गार होऊ द्या.

पिवळी मोहरी आपल्या फोडणीत मला जमत नाही. बंगाली पद्धतीनं मासे करायचे असतील तर जरूर आणा. परदेशात राहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: तिथल्या सुपरमार्केटमधली फिकट पिवळी, टपोरी मोहरी वेगळ्याच जातीची आणि सौम्य असते. तिचा तिखटपणा जिभेला लागतो, नाकात चढत नाही. आपल्या लोणच्यासाठी भारतीय दुकानातली काळपट-तपकिरी मोहरीच शोधा. तयार पूड कुठंही असाल तरी घेऊ नका.

कुठलीही मोहरी घेताना चिमूटभर तळहातावर पसरून पाहा. पिवळ्या धोत्र्याच्या बिया मोहरीसारख्याच दिसतात, पण त्यांचं अंग खरबरीत असतं. दाबून फोडली तर मोहरी आतून पिवळी निघते, धोत्रा पांढरा. ही भेसळ साधी नाही. 1998 मध्ये दिल्लीत धोत्र्याची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलानं 60 हून अधिक माणसं दगावली.

घरातल्या बाकीच्या कामांना महागाची मोहरी लागत नाही. मीठ-मोहरीनं दृष्ट काढायला जुनी चालते. बरणीचा वास जात नसेल तर अर्धा चमचा ठेचलेली मोहरी आणि कोमट पाणी घालून हलवा, तासाभरानं धुवा. कुंडीत चमचाभर पेरली तर आठ-दहा दिवसांत कोवळी रोपं कोशिंबिरीत चिरता येतात. राईच्या उशीचा आग्रह मात्र मी धरणार नाही, आजीनं कितीही मायेनं शिवलेली असली तरी. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना उशी देऊच नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि शिवण उसवली तर ते दाणे बाळाच्या नाकातोंडात जाऊ शकतात.

दोघांच्या घरात मिसळणाच्या डब्यापुरती 100 ग्रॅम बारीक मोहरी आणा. जाड मोहरी फेसायची असेल तेव्हा आणा, आणि डाळ कैऱ्या घरात आल्यावरच.